मागल्या खोलीचं कडवं

मंजुळामावशीचं नाव मी सगळ्यांत आधी लिहितो. आईबापांनी वाढवलं, शिक्षकांनी शिकवलं, पण माझ्या नावामागे बी. ए. लागलं ते मंजुळामावशीमुळे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवलं नाही, तर पुढचं वाचल्यावर कोणाला ते खरं वाटणार नाही. ती आमच्या नात्यातली नव्हती. अर्नाळ्याला, आमच्या पाड्यात, आमच्यापासून चार घरं टाकून तिचं घर होतं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिला जोडलेली पत्र्याची पडवी. तेवढ्यात सात माणसं, वडिलांची जाळी, होडीचं उघडून ठेवलेलं इंजिन आणि सुकटीची पोती. पुस्तक उघडायचं तर मांडीवरच, आणि मांडीवर बहुतेक वेळा धाकटी बहीण असायची. मी दहावी पास झालो, घरातला पहिलाच, तरी वडील मला होडीवर न्यायच्या विचारात होते. तेव्हा मावशी आमच्या पडवीत येऊन उभी राहिली.

"पोराला माझ्याकं पाठव अभ्यासाला. माझं घर रिकामंच हाय."

"आनि धर्मा आला तर?" वडील म्हणाले.

"आला तर वाढीन त्याला. पोरगं काय त्याच्या ताटातलं खातंय?"

धर्मा म्हणजे तिचा नवरा. तो फार वर्षांपूर्वी वेरावळला बोटीवर कामाला गेला होता आणि तिकडेच होता. कोणी विचारलं की मावशी सांगायची, यंदा दिवाळीला येणार होता, मालकाने सोडलं नाही. पाड्यात अशी घरं आणखीही होती, त्यामुळे कोणी खोदून विचारत नसे. तिला मूलबाळ नव्हतं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस मान वर करायचा.

मावशी हळदीची गाणी म्हणायची. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत कुठे हळद असली की तिला बोलावणं यायचं. साडी, तांदूळ, नारळ आणि मासळीचा वाटा मिळायचा, त्यावर तिचं घर चालायचं. हळदीला गाणारी बाई सवाशीण हवी हा आमच्या पाड्याचा नियम, कारण नवरीला पहिली हळद तीच लावायची. मावशीची काम करायची एक रीत होती. हळदीच्या आदल्या दिवशी ती नवऱ्या मुलाच्या घरी जायची आणि नुसतं घर बघून यायची. चहासुद्धा घ्यायची नाही. दाराला हात लावून बघायची, ओटीच्या पायऱ्या चढून उतरायची, मधल्या खोलीत क्षणभर उभी राहायची, चुलीकडे एक नजर टाकायची आणि परत यायची. दुसऱ्या दिवशी तिचं गाणं त्या घरातून चालायचं. पहिलं कडवं दारात, दुसरं ओटीवर, तिसरं मधल्या खोलीत, शेवटचं चुलीपाशी. चाल तीच, पण शब्द घराप्रमाणे बदलायचे. कोणाच्या दाराला पितळी कडी, कोणाच्या ओटीला दोनच पायऱ्या, कोणाच्या भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. नवी सून दारात लाजते, ओटीवर सासऱ्याला बघून पदर सावरते, मधल्या खोलीत नणंदेचे टोमणे खाते, आणि चुलीपाशी पोचेपर्यंत त्या घरची होऊन जाते. अंगणात बसलेल्या चाळीस बायका जागच्या न हलता ते घर फिरून यायच्या.

हे सगळं ती मला भाकरी थापता थापता शिकवायची. मला शब्द जुळवायची आवड आहे हे तिच्या लवकर लक्षात आलं होतं.

"गान्याला आधी दार द्यावं," ती म्हणायची. "दार नसलं तर मानूस आत येनार कुठनं? आनि खोटं दार देऊ नये. डोळ्यांनी बघितलेलं द्यावं."

"आणि चुलीच्या पुढे?" मी एकदा विचारलं. "चुलीमागे पण खोली असते ना."

"असते. तिथं गानं जात नाय."

"का?"

"तिथं बाळंतीन असते, आजारी मानूस असतं, नवराबायको असतात. घरी आलेल्या पावन्याला तू न्हानीत नेतोस का? गानं बी पावनाच. चुलीपाशी बसवायचं, खाऊ घालायचं, लावून द्यायचं."

मला अभ्यासाला तिने जी जागा दिली, ती मात्र चुलीमागचीच खोली. ओटीवर दिवसभर बायकांची वर्दळ असायची, मागे शांत होतं. खिडकीतून बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडी दिसायच्या, त्यापलीकडे रेती. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. दुपारी कोलंबीचं आंबट कालवण, नाहीतर नुसता भात आणि चिंचेचं सार. परीक्षेच्या दिवसांत रोज एक सुकेळं, म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं, कारण त्याने डोकं चालतं असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. घराजवळच्या विहिरीचा रहाट करकरायचा, म्हणून माझी परीक्षा असली की ती दोन घरं पलीकडून पाणी आणायची. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मी तिला कधी म्हणालो नाही की राहू दे. माझ्या ते लक्षातच आलं नाही. बऱ्याच वर्षांनी, माझ्या बायकोने मिक्सर लावण्याआधी मुलाच्या खोलीचं दार लोटून घेतलं, तेव्हा आलं.

त्या खोलीत एक तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. मी तिला हात लावला नव्हता. पितृपक्षातल्या एका दुपारी मावशी आत आली, तसबीर सरळ केली, वाळलेला हार काढून नवा घातला आणि केळीच्या पानावर भात, कालवण, वडा वाढून पान खिडकीबाहेर कावळ्यासाठी ठेवलं. मी पुस्तकातून मान वर केली. तिने लपवायचा प्रयत्न केला नाही.

"तिकडंच जाळला," ती म्हणाली. "सांगायला एक मानूस आला होता. त्याला चहा पाजला नि स्टँडवर नेऊन सोडला, वाटेत कोनाशी बोलू दिला नाय."

"कधी?"

"तू पाटीवर लिहीत होतास तवा." मग ती माझ्यासमोर खाली बसली. "जयू, हे कोनाला बोलायचं नाय. बोललास तर माझं गानं गेलं. गानं गेलं तर मी खाऊ काय, नि या पाड्यात ऱ्हाऊ कशी?"

मी गळ्याची शपथ घेतली. तिने तसबीर पुन्हा भिंतीकडे वळवली, चुलीजवळच्या आरशात कुंकू नीट केलं आणि ओटीवर जाऊन कोणाशी तरी मोठ्याने हसली. पुढे ती सवाशीण होती आणि मागे विधवा, मध्ये चूल होती. त्या दिवशी मला तिची दया आली नाही हे मी कबूल करतो. मला वाटलं, काय गोष्ट आहे.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी स्वतः बांधलेलं गाणं म्हटलं. ते ऐकून एकाने मला विनोदशेठकडे नेलं. विनोदशेठ कोळीगीतांच्या कॅसेटी आणि सीडी काढायचे. आचोळ्याला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. पुढे ऑफिस, मागे रेकॉर्डिंगची खोली. त्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, त्यांवर जुन्या गाद्यांचा स्पंज. दार लावलं की बाहेरची रिक्षा गप्प व्हायची आणि स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मी मावशीच्या रीतीने गाणं बांधून नेलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलेलं घर द्यायचं, म्हणून तिचंच घर दिलं होतं. मोडलेल्या होडीच्या फळ्यांचं निळं दार, त्यावर होडीचा अर्धा नंबर अजून दिसतो. ओटीची तिसरी पायरी फुटकी. मधल्या खोलीत एका बाजूला कललेला झोपाळा. मग चूल.

विनोदशेठनी तीन-चारदा ऐकलं. मान डोलावली. मग म्हणाले, "मस्त आहे. नाचायला एकदम परफेक्ट. पण पुढे काय?"

"पुढे काही नाही. गाणं इथे थांबतं."

"असं कसं थांबतं यार? तीन रूम फिरवलेस मला, किचनपर्यंत आणलंस. आता स्टोरी पाहिजे. पब्लिकला घरी जाताना काहीतरी घेऊन जायचं असतं. मागे काय आहे त्या घरात?"

"मागे एक खोली आहे."

"मग जा ना तिकडे."

मी बाहेर बाकावर बसलो आणि एक चहा पिऊन होईपर्यंत पाचवं कडवं लिहिलं. आयुष्यात इतकं सहज मला पुन्हा काही सुचलेलं नाही.

ओटीवरी गं कुकवाचा टिळा,
मागल्या खोलीत फोटोला माळा,
भितीकं तोंड करून बसलाय धनी,
सवाशीन कोनाची, सांगा गं कोनी.

विनोदशेठ उठून उभे राहिले. त्या कडव्याला त्यांनी ढोलकी थांबवली, बँजो थांबवला, आणि गाणाऱ्या मुलीला सांगितलं की माइकच्या अगदी जवळ ये आणि कोणाच्या कानात सांगतेस तसं म्हण. ती तसंच म्हणाली. काचेच्या अलीकडे माझ्या अंगावर काटा आला. अंगणात गायचं तर ओरडून गावं लागतं, आणि चाळीस बायकांसमोर जे ओरडून सांगता येतं तेवढंच बाई सांगते. मावशीची सगळी गाणी अंगणाने घडवलेली होती. माझं पाचवं कडवं त्या स्पंजच्या खोलीने घडवलं. तिथे ऐकायला कोणी नसतं, म्हणून काहीही बोलवतं.

आता मी एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये राहतो आणि शाळेत मराठी शिकवतो. माझे काही विद्यार्थी रॅप करतात. मोबाईल घेऊन कपड्यांच्या कपाटात डोकं घालतात आणि तिथे रेकॉर्ड करतात, कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून. मला आवर्जून ऐकवतात. त्यांच्या गाण्यात जिना असतो, बंद लिफ्ट असते, शेवटी गच्ची असते. गोष्ट खालून वर चढते आणि वर पोचलेला मुलगा एकटाच उभा राहून सगळ्या इमारतीला सुनावतो. आमची गोष्ट पुढून मागे जायची. जसं घर तशी गोष्ट वळते, एवढं मला समजतं. गेल्या वर्षी त्यांतल्या एकाने खालच्या मजल्यावरच्या काकूंवर चार ओळी केल्या होत्या. मी त्याला तास संपल्यावर थांबवून घेतलं. तो म्हणाला, "सर, नाव कुठे घातलंय?" आमच्या पाड्यात नाव लागत नाही, दार पुरतं. हे गाणं बांधताना मला ठाऊक नव्हतं असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे. मला ठाऊक होतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना, लग्नसराईच्या तोंडावर सीडी निघाली. त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या यशोदाकाकींच्या सुरेखाची हळद होती. तोवर हळदीला डीजे लावायची पद्धत आली होती, पण पहिली हळद आणि पहिलं गाणं मावशीचंच, एवढं अजून टिकून होतं. उन्हं उतरायच्या सुमाराला मांडव भरला. सुरेखा पाटावर, तिच्यासमोर हळदीचं ताट घेऊन मावशी, भोवती बायका. मावशीने तिला पहिली हळद लावली, आपलं गाणं म्हटलं आणि पाणी प्यायला थांबली. डीजेवाला पप्या माझ्याच वर्गातला. मी त्याच्या टेबलाशी उभा होतो. तो म्हणाला, "तुझं गाणं लावू का?" मी म्हणालो, लाव.

ते लागल्यावर मावशीने हात वर करून बायकांना गप्प केलं. "ऐका गं. माझ्या जयूचं हाय. माझ्या घरात बसून शिकलाय."

पहिलं कडवं झालं. होडीच्या फळ्यांचं निळं दार. मावशीची मैत्रीण गोदाकाकी तिला कोपराने ढोसत म्हणाली, "अगं, हे तुझंच दार दिसतंय."

"माझंच हाय," मावशी म्हणाली. "दुसरं हाय का कोनाचं तसलं?"

दुसऱ्या कडव्याला फुटकी पायरी आली तेव्हा बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, आतातरी सिमेंट लाव गं तिला, गान्यात गेली. मावशी म्हणाली, मुद्दाम नाय लावत, तुम्ही पडाव्या म्हनून. ती टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या कडव्याला झोपाळा आला तेव्हा तिने तो जसा कललेला आहे तसं अंग कलवून दाखवलं. सुरेखा हसून पाटावरून घसरायची राहिली. मग चूल आली, आणि मावशीने टाळी थांबवली, कारण तिच्या हिशेबाने गाणं संपलं होतं.

चुलीनंतर आणि पाचव्या कडव्याआधी बँजोचा एक तुकडा आहे. बराच लांब आहे. मी पप्याच्या टेबलाशी होतो, बटण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. मी ते दाबलं नाही. घाबरून हात जागच्या जागी थिजला असं लिहिलं तर बरं वाटेल, पण तसं नव्हतं. ते माझं सगळ्यांत चांगलं कडवं होतं आणि ते ऐकताना लोकांचे चेहरे कसे होतात ते मला बघायचं होतं.

बँजो थांबला. कानात सांगण्यासाठी म्हटलेलं ते कडवं माणसाएवढ्या उंच चार खोक्यांमधून सगळ्या मांडवावर पडलं. त्यानंतर लगेच ढोलकीवर धृपद आलं. पलीकडची पोरं शब्द ऐकत नव्हती, ती नाचायला लागली. बायका हलल्या नाहीत. मावशीच्या पुढ्यात ताट तसंच होतं.

यशोदाकाकी म्हणाल्या, "मावशी, ताट दे."

मावशीने ताट दिलं.

"धर्मादादा कुठं हाय?"

मावशीने बोटांची हळद पदराला पुसली.

"मी इचारते, कुठं हाय? माझ्या पोरीला हात लावलास तू आत्ता."

गोदाकाकी, जी रोज दुपारी मावशीच्या ओटीवर पान खायची, ती उठली आणि म्हणाली, "कुकू पुसतेस का मी पुसू?"

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "माझं मी बघीन."

ती उठली, पदर खोचला आणि मांडवाबाहेर निघाली. वाट पप्याच्या टेबलाजवळूनच होती. माझ्यासमोर ती थांबली. ती मला मारेल असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर आज मी थोडा बरा माणूस असतो.

"कडवं चांगलं बांधलंस," ती म्हणाली आणि गेली.

तिच्यामागे बायकांनी सुरेखाला नळावर नेलं आणि अंगावरची हळद खरवडून धुतली. ती पोरगी रडत होती, थंडी वाजते म्हणत होती. मग नवी हळद कालवली आणि दुसऱ्या सवाशिणीकडून पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढच्या आठ-दहा दिवसांत पाड्याने मावशीच्या हातून झालेली सगळी लग्नं आठवून काढली. कोणाच्या सुनेचं बाळ दगावलं होतं, कोणाचा जावई दारू प्यायचा, कोणाची होडी लग्नानंतरच्या पावसाळ्यात फुटली होती. सगळं तिच्या हातावर गेलं. बायका एकेक करून तिच्या ओटीसमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि आपलं सांगून यायच्या. ती ओटीवर बसून ऐकून घ्यायची. विहिरीवर ती आली की बाकीच्या कळश्या उचलायच्या. तिच्याकडची मासळी कोणी घेईना, तिला कोणी देईना. शाळेतून येणारी पोरं तिच्या दारासमोर पाचवं कडवं म्हणायची, तेही बारीक आवाजात, सीडीतल्यासारखं. माझी थोरली बहीण सासरहून कायमची परत आलेली होती, तिलाही हळद मावशीनेच लावली होती. माझी आई, जिच्या पाच पोरांपैकी एकाला मावशीने पाच वर्षं जेवू घातलं, ती मावशीच्या अंगणात जाऊन म्हणाली, "माझ्या घरात आनखी कोनाला खायचं ठेवलंयस का?" मी घरात होतो. मला ऐकू येत होतं. मी परीक्षेचा अर्ज भरत होतो.

माझं मात्र कौतुक झालं. शिकलेल्या पोराने खोटं उघडं पाडलं, असं म्हणायला लागले. वडील, ज्यांना मी होडीवर हवा होतो, ते नाक्यावर छाती काढून चालायला लागले. गावातल्या मंडळाने शाल आणि नारळ दिला. मी चार शब्द बोललो. त्यांत, माझ्या यशाचं श्रेय एका माउलीला जातं, असंही एक वाक्य होतं आणि त्याला टाळ्या पडल्या. विनोदशेठ खूश होते. म्हणाले, "पब्लिक विचारतंय, ते घर खरं आहे का. यालाच हिट म्हणतात, जयवंत."

पावसाळ्याआधी मावशी गेली. टेम्पोत एक ट्रंक, पाटा-वरवंटा आणि झोपाळा. तिची भाची शकुताई आचोळ्याला राहायची, तिच्याकडे. मी पडवीतून पाहिलं. मी हात लावायला गेलो असतो तर तिने नको म्हटलं नसतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मी पडवीतून पाहिलं.

मी तिला त्यानंतर भेटलो नाही. ती वारली तेही मला उशिरा कळलं. शकुताई एकदा मला शाळेत शोधत आल्या. त्यांच्याकडूनच पुढचं समजलं. त्यांच्या इमारतीतल्या बायकांना मावशीच्या आवाजाचा पत्ता लागला होता आणि त्या तिला हळदीला बोलवायच्या. तिथे तिचं काही कोणाला माहीत नव्हतं. ती गेली नाही. एकदा आग्रहाखातर गेली, गच्चीवर मांडव होता. आदल्या दिवशी रीतीप्रमाणे ती घर बघायला त्यांच्या फ्लॅटवर गेली आणि लगेच परत आली. "दार उघडलं की समोर चूल," शकुताईंना म्हणाली. "सुनेला चालायला जागाच नाय. ती घरची व्हायची कवा?" हळदीला ती सगळ्यांबरोबर बसून जेवून आली. गायली नाही. "कुंकू मात्र शेवटपर्यंत लावायची," शकुताई म्हणाल्या. "रोज सकाळी. मी म्हटलं कोणासाठी गं, तर म्हणाली, हात जातो आपोआप."

मग त्यांनी पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात मावशीचं रेशनकार्ड होतं, आणि मी तिला बी. ए.चा निकाल लागल्यावर पाठवलेलं पत्र. तिला वाचता येत नव्हतं, शकुताईंनीच ते वाचून दाखवलं होतं. ऐकून झाल्यावर मावशीने ते घडी घालून ठेवून दिलं आणि सोबतचे पेढे शेजारच्या मुलांना वाटले. मला उत्तर आलं नाही. गाण्याचं चित्रीकरण शेवटी दुसरीकडे, भिंती उभारून झालं. ते मी पाहिलं आहे. त्यातलं दार नवीन रंगवलेलं आहे.

या प्रकरणात मी मावशीबद्दल बरंच लिहिलं. तिला मी काय लिहिलं तेही इथे असायला हवं. आयुष्यभर तिला "तू" म्हणत आलो, पत्रात "आपण" म्हटलं आहे. अक्षर सुंदर आहे. एकही खाडाखोड नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं असणार. एक शब्दही न बदलता देतो.

*

ती. मंजुळामावशी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या आशीर्वादाने मी बी. ए.ची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झालो. आपल्या पाड्यातला मी पहिला पदवीधर आहे. हे यश माझे एकट्याचे नसून आपलेही आहे. आपण मला जागा दिली नसती तर मी आज होडीवर असतो. आपले उपकार मी या जन्मी विसरणार नाही. सोबत पेढे पाठवत आहे, ते गोड मानून घ्यावेत.

पत्रास कारण की, आपल्या गाण्याची आता व्हीसीडी निघणार आहे. विनोदशेठ चार-पाच घरे पाहून आले, परंतु गाण्यातल्यासारखे घर त्यांना कुठेच मिळाले नाही. आपले घर सध्या बंदच असते. तरी दोन दिवसांसाठी ते द्यावे, ही नम्र विनंती. कशालाही धक्का लागणार नाही, याची जबाबदारी मी घेतो. झोपाळा आपण सोबत नेला आहे, तोही तेवढ्यापुरता मिळाल्यास बरे होईल. टेम्पोची व्यवस्था शेठ करतील.

पाड्यात जे झाले ते आपण मनाला लावून घेऊ नये. लोक अडाणी आहेत. गाण्यात कुठेही आपले नाव नाही. कलेसाठी कोणाला तरी सोसावे लागते, असे आमच्या अभ्यासक्रमातही होते. ते वाचताना मला आपलीच आठवण झाली.

आणखी एक. शेठ म्हणतात की, शेवटच्या कडव्याला आपण स्वतः खिडकीत उभ्या राहिलात, तर त्याची सर कोणत्याही नटीला येणार नाही. दोन मिनिटांचे काम आहे. बोलायचे नाही, गायचेही नाही. फक्त त्या दिवशी कपाळ मोकळे ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्याला लगेच समजेल.

किल्ली शकुताईंजवळ ठेवावी. मी रविवारी येऊन घेऊन जाईन. वर येऊन आपल्याला त्रास देणार नाही, खालूनच घेईन.

आपला कृपाभिलाषी,
जयवंत

ता. क. नुसती पुढच्या दाराची किल्ली देऊ नये. मागल्या खोलीला आपण जाताना वेगळे कुलूप घातले आहे असे बाबा म्हणाले. तीही द्यावी.